डल्सीच्या एकशे बारा चिठ्ठ्या

मानवाच्या इतिहासात न्यायाची जी जी थोर साधने निर्माण झाली, त्यांत माझे स्थान फार वरचे आहे. मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कुरावी गावच्या वृद्धाश्रमात माझी बिस्किटे संपली आणि मला तक्रारपेटीची नोकरी लागली. जन्मभर नळ दुरुस्त केलेल्या क्लेमने माझ्या झाकणाला छिन्नीने फट पाडली. पुढे तो एकेक गोष्ट विसरत गेला. आता त्याला फक्त बायकोचा, म्हणजे समोरच्या खोलीतल्या डल्सीचा, आवाज ओळखू येतो.

डल्सी ही माझी अन्नदाती. चहा गार, वाटाणे गोट्यांसारखे, रविवारची प्रार्थना लांबलचक. रोज एक चिठ्ठी ठरलेली. टोंगा बेटांवरून आलेली सेविका सेला ती वाचायची, जमेल ते करायची आणि मागे उत्तर लिहून चिठ्ठी परत माझ्या पोटात टाकायची.

मग सरकारी मान्यतेची तपासणी आली. मान्यता गेली तर आश्रम बंद. मग क्लेम एका शहरात, डल्सी दुसऱ्यात, जिथे जागा मिळेल तिथे. व्यवस्थापिका ग्लेनिसला काळजीने घास उतरेना. तिने सगळ्या चिठ्ठ्या कपाटात कोंडल्या आणि मला घासूनपुसून लख्ख केले. रिकाम्या पोटी मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो.

तपासनीस फिओना आली. तिने झाकण उघडले.

“तीस म्हातारी माणसं आणि एक तक्रार नाही?” ती म्हणाली. “एकतर इथला चहा अमृत आहे, नाहीतर माणसं घाबरलेली आहेत. आणि चहा मी आत्ताच प्यायलेय.”

तेवढ्यात डल्सी चालायच्या आधाराचा वॉकर ढकलत आली.

“ग्लेनिस, माझ्या एकशे बारा चिठ्ठ्या कुठं गेल्या गं? हात मोडेस्तोवर लिहिल्यात मी!”

“अगं, पाहुण्यांसमोर कशाला...”

“पाहुण्यांसमोर नाही तर काय भिंतीसमोर? काढ!”

ग्लेनिसने कपाटातून चिठ्ठ्या आणल्या. फिओना वाचू लागली. एकीवर होते, ‘क्लेमचं दार बंद ठेवता. माझा आवाज त्याला कसा जाणार?’ मागे सेलाचे अक्षर, ‘दार उघडं राहील असा आकडा बसवून घेतलाय. हाक मारून बघा.’

“मारा बघू,” फिओना म्हणाली.

डल्सी आपल्या खोलीत गेली. “क्लेम! ए क्लेम!”

“आलो गं राणी!” समोरून उत्तर आले. दोन वर्षांत तो आपणहून उठलेला नाही. तरी रोज येतोच म्हणतो.

फिओनाने उरलेल्या चिठ्ठ्याही मागच्या उत्तरांसकट वाचून काढल्या. मान्यता मिळाली. शेरा एकच: चहा सुधारावा.

मित्रांनो, भरलेल्या तक्रारपेटीची लाज बाळगू नका. आपले कोणी ऐकेल असे ज्याला वाटते, तोच तक्रार करतो. आणि इकडे आलात, तर एक पेन घेऊन या. इथले संपले आहे. निळे चालेल.