स्वयंपाकघराच्या दारातून

“हे काय? नटूनथटून कुठे निघालीस?” मीटरकाका स्वयंपाकघराच्या दारातच थबकले.

“अहो, चित्र काढतो असं तुम्हीच म्हणालात ना? मग काय गबाळ्यासारखी बसू?” ठेवणीतले कपडे घालून काकू खुर्चीवर अशा ताठ बसल्या होत्या, की पासपोर्टचा फोटो बरा.

काकांनी कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला म्हणून ते चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले होते. आजवर काढले ते सगळे डोंगरामागचे सूर्य, आणि तेही एकही डोंगर धड न पाहता. मागच्या आठवड्यात वर्गातल्या बाईंनी जुन्या डच चित्रकारांची चित्रं दाखवली. राजे नाहीत, लढाया नाहीत. एक बाई सफरचंदं सोलतेय, दुसरी अंगण झाडतेय. सगळं दाराच्या चौकटीतून पाहिलेलं.

“यात घडतंय काय?” कुणीतरी विचारलं.

“काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “पण चित्रकार तिथे थांबलाय.”

या उत्तराने काकांची झोप उडाली. नोकरीभर विजेच्या मीटरचे आकडे टिपायला ते लोकांच्या दारांत उभे राहिले होते. आत कुणी पीठ मळत असे, कुणी लेकराला भरवत असे. काकांची नजर मीटरवर. घरी आल्यावर ती वर्तमानपत्रात. थांबून पाहणं हा रिकामटेकडेपणा नाही, समोरच्याला दिलेला तो मान आहे, असं आता त्यांना वाटू लागलं होतं. घरातल्या माणसाला तो द्यायचा राहूनच गेला, आता उशीर तर झाला नसेल ना, या विचाराने ते धास्तावले होते.

“अगं, रोजचं काम कर. मी इथे नाहीच असं समज.”

“तुम्ही आणि स्वयंपाकघरात! समजू कसं?”

तरी कपडे बदलून त्या ओट्याकडे वळल्या. आधी अवघडल्या, मग “पाय आवरा” म्हणून खेकसल्या, आणि मग खरंच विसरल्या. गुणगुणू लागल्या. त्या गुणगुणतात हेच काकांना माहीत नव्हतं. ते खुशीत रेघा ओढत राहिले.

काकूंनी दूध ओतायला पातेलं उचललं. उजव्या हाताने धरलं आणि डाव्याने उजवं मनगट खालून तोललं.

“हात दुखतोय?”

“बरेच दिवस झाले.”

“बोलली नाहीस?”

“रोज बाहेर येऊन तुमच्यासमोरच तर दूध ओतते!” काकू हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणून काकांना ते जास्तच लागलं. पेन्सिल ठेवून ते उठू लागले.

“बसा. उद्यापासून पातेलं खुशाल तुम्ही उचला. आत्ता चित्र पुरं करा.” काकूंनी दूध ओतून पातेलं ठेवलं आणि कागदात डोकावलं. काकांनी आधीच एक हात काढून ठेवला होता: सडसडीत, लग्नाच्या वेळचा.

“दुसरा कुठे गेला?”

“तो... कमरेमागे आहे. म्हटलं, बरं दिसेल.”

“तोही काढा. त्याच्याच जोरावर चाललंय सगळं.”

रिकामं झालेलं पातेलं पुन्हा दोन्ही हातांनी उचलून त्या खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या, आणि काका खोडरबर शोधू लागले.