गंगूमावशीची नवी चूल

घोटावड्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथे पाच घरांना परदेशी चुली मिळाल्या. पैसा युरोपातल्या कुठल्याशा निधीचा, चूल केनियातल्या लोकांनी घडवलेली आणि धूर आमचा. तो कमी व्हावा म्हणून हा सगळा खटाटोप. गॅस घरोघरी होता, पण चहापुरता. भाकरी, भात नि अंघोळीचं पाणी लाकडांवरच. या पाच चुली नीट वापरल्या गेल्या तर उरलेल्या पस्तीस घरांनाही मिळणार होत्या. नाहीतर ह्याही परत. कोण किती वापरतं ते मोजायला प्रत्येक चुलीच्या बुडाशी एक डबी बसवली होती.

त्या पाचांतल्या हसिनाचा आपल्या चुलीवर भारी जीव. तिची रुही आठ वर्षांची, आणि पोरीला दमा. मागच्या हिवाळ्यात साबीरने लेकीला खांद्यावर टाकून चारदा पिरंगुटचा दवाखाना गाठला होता. ह्या हिवाळ्यात एकदाही नाही.

अशात जुईलीचा फोन आला. चुलींचं काम बघणाऱ्या पुण्यातल्या संस्थेची ही मुलगी, एरवी बडबडी, पण आज आवाज पार उतरलेला.

"हसिनाताई, चार डब्यांत झीरो आहे आणि तुमच्या एकटीच्या डबीत रोज अकरा तास! ऑफिसला वाटतंय, काहीतरी गडबड केलीय तुम्ही. नैरोबीच्या मॅडम आल्यात. उद्या येतोय आम्ही."

खरं काय ते हसिनाला ठाऊक होतं. तिलाच काय, अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. बाकीच्या चौघींनी आपल्या चुली पेटवल्याच नव्हत्या. साता समुद्रापलीकडून आलेली एवढी चकचकीत वस्तू, ती काळी कोण करणार? आमच्या बायकांची ही जुनी खोड. चांगलं ते पाहुण्यांसाठी, आपल्याला पोचे पडलेलं. पण बिनधुराची गोडी तर लागलेली! मग चौघी आपापली पातेली घेऊन हसिनाकडे यायच्या, कारण तिची चूल आधीच काळी झाली होती. चौघींतली गंगूबाई एकादशीच्या फराळाआधी ती पुसून घ्यायची, एवढंच.

संध्याकाळी गंगूबाईच तंबी द्यायला आली. "हसिना, तोंडातनं अक्षर काढू नको. चुली काढून नेत्याल."

"आन् न्हाई सांगितलं तरी नेत्याल की, मावशी!"

"तू गप ऱ्हा. मी बघते."

काय बघणार होती देव जाणे.

दुसऱ्या दिवशी जुईलीबरोबर नैरोबीच्या न्यांबुराबाई आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, हसऱ्या नव्हेत. त्यांनी हसिनाच्या काळ्या चुलीखालची डबी बघितली आणि काहीतरी विचारलं. जुईलीने मराठीत सांगितलं, "तुम्ही तिघं माणसं. अकरा तास काय शिजवता?"

दारात गंगूबाई डोळे वटारून उभी. हसिनाने तिच्याकडे पाहिलं. मग तिला रुहीची ती छातीतली शिट्टी आठवली, आणि सगळी भीड चेपली.

"मावशी, माफ कर," ती म्हणाली. "चला मॅडम, दावते."

गंगूबाईच्या घरात लोखंडी कपाट होतं. तिने आधी किल्ली सापडत नाही म्हणून पाहिलं, मग कनवटीची किल्ली काढून धुसफुसत कपाट उघडलं. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चूल, तिला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, शेजारी लेकाच्या लग्नाचा आल्बम.

न्यांबुराबाई बघतच राहिल्या. आणि एकदम त्या बाई हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"त्यांच्या आईला मदतीत सोलरचा दिवा मिळाला होता," जुईली सांगू लागली, तीही हसत होती. "आई तो पेटीत ठेवायची, पाहुणे आले की काढायची. ह्यांनी सगळा अभ्यास रॉकेलच्या चिमणीवर केला. त्या म्हणतात, अकरा तास खोटे नाहीत. पाच घरांचा स्वयंपाक एका चुलीवर झाला, तसंच लिहिणार त्या. पस्तीस चुलींची शिफारसही करणार. फक्त ह्या चार आज त्यांच्यासमोर पेटल्या पाहिजेत."

हसिना उंबऱ्यावर टेकली. हुश्श झालं तिला.

बाकीच्या तिघींनी आपापल्या चुली भराभर काढल्या. गंगूबाई मात्र आपली उराशी धरून उभी.

"नवीकोरी हाय. माज्या हातानं काळी करू व्हय? नजर लागंल तिला."

हसिना उठली, घरी पळत गेली आणि स्वतःच्या चुलीची काजळी बोटावर घेऊन आली. गंगूबाईच्या चुलीला तिने बाळाला लावतात तशी तीट लावली.

"घे मावशी. आता न्हाई लागायची नजर. आन् काळी तू न्हाई, मी केली."

गंगूबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग खुदकन हसली आणि काटक्या मोडायला बसली.

पहिली भाकरी फुगली तेवढ्यात रुही शाळेतून आली. अख्खा चढ धावत आली होती पोरगी, आणि धाप अशी नव्हतीच. गंगूबाईने काटक्या बाजूला सारून तिला जवळ बसवलं आणि गरम भाकरी तिच्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "माज्या चुलीची हाय."