नालीवरचा ओटा

“तुमच्याच तोंडानं सांगून आलात? आपला ओटा फोडा म्हणून?” माझा नवरा सूर्यभान आईवर ओरडत होता. माझ्या सासूबाई चांगुणाबाई नगरसेविका; मी त्यांना आत्याबाई म्हणते. नगरपरिषदेच्या सभेतून आत्ताच आल्या होत्या आणि पायांवर पाणी घेत होत्या.

“वरडू नको. तुझे दादा ऐकायलेत.”

मामंजी बाहेर ओट्यावरच होते. उभी हयात पूर्णा जंक्शनवर, रेल्वेच्या नोकरीत काढलेला माणूस. लकवा मारला तशी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकच शब्द तेवढा राहिला, “बसा.” पोस्टमन येवो, भाजीवाली येवो, मामंजी डाव्या हातानं ओटा थोपटायचे. “बसा.” आणि माणसं बसायची, घरचं-दारचं बोलायची. मी फटकळ बाई, उगीच गोड बोलत नाही, पण त्या ओट्यानंच मामंजींना जगवलं होतं.

ओटा नालीवर होता, हेही तितकंच खरं. सगळ्या गल्लीनं नालीवर फरश्या टाकून ओटे काढले, त्यात आम्ही पहिले. मग नाली साफ कोण आणि कशी करणार? पाऊस आला की पाणी तुंबायचं आणि उताराला तानुबाईच्या घरात घुसायचं. एकटी बाई. गेल्या पावसाळ्यात तिची मागची भिंत बसली. ती तेव्हा चुलीपाशी होती म्हणून वाचली.

त्या दिवशी सभेत, नगरपरिषदेला आलेला निधी काही जणांना वेशीत कमान बांधायला हवा होता, आत्याबाईंना नालीला. एक सदस्य हसत म्हणाला, “करा की नाली, बाई. पण पयला ओटा तुमचाच निघतो.” सगळी सभा हसली. आत्याबाई उभ्या राहिल्या. “माझ्यापासूनच फोडा. ठरावात लिहा.” मग कमानवाल्यांनाही नालीच्या बाजूनं हात वर करावा लागला.

“लय मोठेपणा!” सूर्यभान म्हणाला. “अन् दादा कुठं बसतील?”

आत्याबाईंनी पाय पुसले. त्या बाहेर जाऊन मामंजींशेजारी बसल्या.

“ऐकलं का? ओटा काढायचाय. तानूची भिंत पुन्हा पडली तर ती मरंल हो. न्हाईतर मी तुमच्या जागेला हात लावू दिला असता का?” मामंजींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

जेसीबी येणार त्या सकाळी आत्याबाईंनी रोजच्यासारखा ओटा झाडला, धुतला.

“फोडायचाच हाय, मग धुता कशाला?” मी म्हणाले.

“पारोसा कसा द्यायचा, राजेश्री?”

आमच्या पाठोपाठ सगळ्या गल्लीचे ओटे निघाले. खोल, रुंद नाली झाली. घरात जायला एक फळी टाकली. मामंजींची खुर्ची उंबऱ्याच्या आत आली. माणसं फळीपलीकडूनच हात करायची आणि पुढं जायची. कोण थांबणार, आणि कुठं? मामंजींचा तो एक शब्दही बंद झाला. मला आत्याबाईंचा राग यायचा. आला तो आला, खोटं कशाला बोलू?

मग दोन दिवस पाऊस धोधो कोसळला. उघडल्यावर तानुबाई फळीवरून तोल सावरत आली.

“भाऊ, घरात थेंब न्हाई आला. वाळक्या जमिनीवर झोपले बघा.”

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा डावा हात उठला, उंबऱ्याबाहेर गेला आणि नेहमीच्या जागी थोपटू लागला. तिथं काहीच नव्हतं. खालून पाणी वाहत होतं.

“बसा,” मामंजी म्हणाले.

तानुबाईनं इकडं-तिकडं पाहिलं. मग पदर सावरून ती उंबऱ्यावरच टेकली.

उंबऱ्यावर बसलेलं आत्याबाईंना कधीच खपायचं नाही, नातवंडांनाही त्या उठवायच्या. त्या आतून आल्या, दोघांकडं पाहिलं आणि चहा ठेवायला परत गेल्या.