फाटकातून कोणी गेलं नाही

तनुजाने विहिरीत वाकून पाहिलं. पाणी स्थिर होतं. ना काठी, ना टोपी. तरी तिचा जीव काही भांड्यात पडेना.

"फाटकातून कोणी गेलं न्हाई, सांगतोय ना!" तिचा नवरा आदिनाथ कंपनीतून फोनवर ओरडत होता. "माणूस गेला असता तर कॅमेऱ्यानं आपल्या दोघांच्याबी मोबाइलवर कळवलं असतं. आबा घरातच हायत. परत बघ."

आता काय बघायचं, कपाळ? माळा झाला, न्हाणी झाली, विहीरही झाली. सासऱ्यांना हल्ली काही म्हणून आठवत नव्हतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की चाकणचा रस्ता, आणि त्यावर दिवसभर कंटेनर. म्हणून तर कॅमेरा बसवला होता. पण तो मेला, साधं कुत्रं हललं तरी मोबाइलवर बोंबलायचा. तिनेच कटकट लावली होती, "भाकऱ्या थापू का कुत्री बघत बसू?" शेवटी काल आदिनाथने कॅमेऱ्याच्या सूचनांत फक्त 'माणूस' ठेवून 'जनावर' बंद केलं. काय बरं वाटलं होतं तेव्हा!

तिने 'जनावर' पुन्हा चालू केलं आणि सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं.

कुत्रं. पुन्हा कुत्रं. शेजारच्या शालनबाईंची शेळी. मग कडब्याचा एक भलामोठा भारा डुलत डुलत फाटकाबाहेर पडला. खाली लिहिलं होतं : जनावर. भाऱ्याखाली दोन पाय होते आणि पायांत आबांच्या वहाणा.

"अगं बाई गं!"

कडब्याच्या काड्या रस्त्यापर्यंत सांडल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडेही होत्या. हॉर्नला न जुमानता ती धावत सुटली.

पूर्वी त्यांचा गोठा होता तिथे आता कुठल्याशा कंपनीचं पार्किंग होतं. तारेच्या कुंपणाशी भारा टेकवून आबा उभे होते, अगदी सुखरूप.

"म्हस कुठं बांधली गं?"

म्हैस कधीच विकली होती.

"घरी हाय, आबा. चला, तिकडंच वैरण टाकू."

"आन् भारा?"

भारा सोडून ते जागचे हलेनात. तेव्हा तिने ओढणीची चुंबळ केली आणि भारा डोक्यावर घेतला. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही, मग त्यांना पुढे घातलं.

फाटकात शिरतात न शिरतात तोच फोन वाजला.

"आबा दिसले गं, आबा!" आदिनाथचा आवाज कापत होता. "माणूस म्हणून आलं. पण त्यांच्या मागनं हे जनावर कुठलं शिरलं?"

तनुजाने आधी फाटकाची कडी लावली.

"मीच हाय ती," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा भारा न उतरवताच तिला रडू फुटलं.