दोन साफ्यांचं पातळ

दैवशालाला कन्याशाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिच्याकडे दोनच लुगडी होती, आणि त्यातल्या एकाला दांड होता. लुगडं विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेलं जोडून शिवायचं, ती शिवण म्हणजे दांड. तो लांबून दिसतो आणि घरची हालत सांगून टाकतो.

ही १९५७ सालची, गंगाखेडची गोष्ट. मी गावच्या वाचनालयात कारकून होतो. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मला नीट आठवतं आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून लिहून झाल्यावर हे दैवशालाला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल याची धास्ती आहेच.

शाळेला पहिलीसाठी आणि शिवणकामासाठी एक बाई हवी होती. दैवशाला सातवी पास होती आणि आमच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरींना गोळा करून पाढे म्हणून घ्यायची. तिला ही नोकरी इतकी हवी होती की त्याबद्दल ती बोलतही नसे. दुसरी शाळा थेट परभणीला. तिकडे मी तिला जाऊ दिलं असतं का, हे तिने मला विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब, कापसाचे व्यापारी. त्यांनी शिपायाकडून निरोप पाठवला होता, "बाईंनी गोल पातळ नेसून यावं. पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असाव्यात. पदर डोक्यावरून ढळू नये." मुलाखतीला परभणीहून तपासनीस बाई यायच्या होत्या. त्यांना नऊवारीतली शिक्षिका जुनाट वाटे, आणि उघड्या कोपराची शिक्षिका आबासाहेबांना नाटकातली वाटे. दैवशालाला एकाच पातळात दोघांचं समाधान करायचं होतं. हातात चार दिवस होते, आणि नवं पातळ घेण्याची आमची ऐपत नव्हती.

"बाजारात जाऊ," ती म्हणाली.

"कापडाच्या दुकानात?"

"दुकानात कशाला? छबूबाईकडे."

छबूबाई भांडी देऊन घरोघरचे जुने कपडे घ्यायची आणि बाजाराच्या टोकाला ते विकायची. निजामाचं राज्य गेल्यापासून तिच्या ढिगाला एक वेगळीच शोभा आली होती. कचेरीत जाताना ज्या शेरवान्या आणि साफे घालावे लागत, ते सगळे आता लोकांनी वाटी-पातेल्यावर देऊन टाकले होते. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून उभा राहिलो. छबूबाई मोठ्यांदा म्हणाली, "काय किताबवाले, उभ्यानंच वाचायलाव? सरका की जरा, गिऱ्हाइकाला ढीग दिसंना."

अर्धा बाजार माझ्याकडे बघू लागला.

दैवशाला मात्र खाली बसून ढिगात हात घालत होती. तिने एक काळी शेरवानी काढली आणि उलटी केली. आतलं अस्तर अंजिरी रेशमाचं होतं, कोरं वाटावं असं.

"वरून किड्यानं खाल्ली हाय," छबूबाई इमानदारीनं म्हणाली.

"मला आतलीच पाहिजे."

मग तिने दोन पांढरे साफे उचलले आणि वितींनी त्यांचा पन्हा मोजला. साफ्याचं मलमल बारीक, लांबीला भरपूर, पण रुंदीला जेमतेम अडीच वीत. दोन उभे जोडले तर पातळाची रुंदी होणार होती. तिने ते दोन्ही उन्हात धरले.

"मालकाला बांधायलाव का दोन-दोन?" छबूबाईने विचारलं. "डोकं लहान हाय की त्यांचं."

"त्यांना एकही नाही. मीच नेसणार आहे."

छबूबाई एवढी हसली की तिने भाव पाडला.

घरी माझ्या आईने, धुरपदाबाईने, गाठोडं सोडलं आणि दोन पावलं मागे सरली. "कुणाच्या डोईवरचं हाय हे? जित्याचं का मेल्याचं?"

"ठाऊक नाही, आत्याबाई."

"मग गंगेतून काढल्याबिगर उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आई स्वतः घाटावर गेली आणि दोन्ही साफे आणि शेरवानी पाण्यातून तीनदा काढून आणली. येताना तिचं मत बदललं होतं. "कापड लय चांगलं हाय गं," ती म्हणाली, "नुसतं पांढरं नको नेसू. सवाष्णी पांढरं नेसत न्हाईत. रंग दे."

अस्मानी रंगाची पुडी आणली. एकाच पातेल्यात, एकाच वेळी, दोन्ही साफे बुडवले आणि वाळत घातले. वाळल्यावर एक साफा फिक्का अस्मानी निघाला आणि दुसरा गर्द निळा. एकाच्या मालकाने वर्षानुवर्षं खळ घालून घालून कापड असं कडक केलं होतं की ते रंगच पीत नव्हतं.

"एक मोठ्या घरचा हाय," आई म्हणाली, "रंगसुदिक मोजूनच घ्यायलाय."

दैवशाला हसली नाही. मुलाखत परवावर आली होती. मधोमध दांड आणि दोन्हीकडे दोन रंग, म्हणजे कमिटीसमोर फाटकेपणाची पाटीच घेऊन जायची. मी धीर द्यायला गेलो आणि म्हणालो, "लांबून कळणार नाही."

"तुम्हाला जवळूनही कळत नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

मग दुपारभर ती त्या दोन कापडांकडे बघत बसली. उन्हं कलताना तिने कात्री घेतली. शेरवानीचं अस्तर उसवलं, त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या काढल्या, दोन्ही साफे उभे जोडले आणि एक पट्टी बरोबर दांडावर, इकडून तिकडे, शिवायला घेतली. मी विचारलं, "लपवायचा ना दांड?"

"लपवला की लोक शोधतात," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवून द्या."

गर्द भाग खाली, फिक्का वर, मध्ये अंजिरी रेघ, आणि खाली काठालाही तीच अंजिरी पट्टी. उरलेल्या अस्तराचं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं झालं. त्याला शेरवानीचीच बटणं लावली. मी दोरे ओवले. एकंदर त्या पातळात माझं कर्तृत्व तेवढंच.

मुलाखतीच्या दिवशी आई आणि मी शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिलो. खिडकी उघडी होती. तपासनीस बाईंनी दैवशालाकडून एक उतारा वाचून घेतला, फळ्यावर हिशेब घातला. ते सगळं ठीक झालं. मग त्यांचे डोळे पातळावर गेले.

"हे कुठलं? हैदराबादचं का?"

मला वाटलं, हो म्हणून टाकावं. दैवशाला म्हणाली, "गंगाखेडचंच. दोन साफे आहेत. मी जोडले."

आबासाहेबांच्या डोक्यावर पांढराशुभ्र साफा होता. त्यांचा हात आपोआप तिकडे गेला.

"साफा?" ते म्हणाले. "बाई, साफा पुरुषाची इज्जत आहे. डोक्यावर ठेवायची चीज. तुम्ही कमरेला गुंडाळली?"

आईने माझा दंड धरला. नोकरी गेली, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. आत जाऊन काहीतरी बोलावं असं वाटलं, पण नेमकं काय ते सुचेना, आणि मी नेहमीप्रमाणे उभा राहिलो.

दैवशालाने पदर दोन्ही हातांनी नीट कपाळापर्यंत ओढला. "साहेब," ती म्हणाली, "याचं टोक अजून डोक्यावरच आहे. आणि तुम्ही निरोप दिलाय तसं, ते ढळूही देणार नाही."

तपासनीस बाईंनी रुमाल तोंडाला लावला. आबासाहेबांनी आधी तो पदर निरखला, मग स्वतःचा साफा चाचपला. म्हणाले, "मग आम्ही रोज बांधतो, तो तुम्ही नेसला, एवढाच फरक?"

"तुमचा वाऱ्याने सुटतो, साहेब. मी शिवलाय."

आता बाईंनी रुमालही काढला आणि उघड हसल्या. "आबासाहेब, शिवणाची परीक्षा अजून घ्यायची राहिली आहे का?"

"नाही," आबासाहेब म्हणाले. "पण साफ्याचं गावात सांगू नका."

गावात कुणी सांगितलं हे मला माहीत आहे, पण ती माझी आई होती. आठ दिवसांत पाणवठ्यावरच्या बायांना पट्टीसकट तमाम हकिकत पाठ झाली. आणि महिन्याभरात वेगळीच तऱ्हा झाली. धड असलेली लुगडी मधून कापून पट्टी लावलेल्या बाया मी स्वतः पाहिल्या.

मग एका सकाळी आबासाहेबांकडची मोलकरीण गाठोडं घेऊन आली. आत दोन नवे साफे, एक रंगवलेला, एक नुसताच. "मल्लम्माबाईंनी धाडलेत," ती म्हणाली. मल्लम्माबाई म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी. "म्हणल्या, तुमच्यासारखं करून द्या. अन् मालकाला बोलू नका."

दैवशाला शाळेला निघालीच होती. पदर सावरत ती म्हणाली, "मला घरी शिवायला वेळ कुठे? बाईंना सांग, बुधवारी दुपारी शिवणाचा तास असतो. सुई-दोरा घेऊन या म्हणावं."

बुधवारी काही निमित्त काढून मी शाळेवरून गेलो. खिडकीतून पाहिलं. गोणपाटावर पहिलीच्या पोरींच्या रांगेत मल्लम्माबाई मांडी घालून बसल्या होत्या, आणि दैवशाला त्यांना सांगत होती, "टाका लहान घाला, बाई. घाई करू नका. उसवून पुन्हा घाला."

मल्लम्माबाईंनी मुकाट्याने टाका उसवला.