वहीतले अठ्ठेचाळीस तास

“चौथी गोळीही वाया गेली, मामा. बंगळुरूच्या प्रयोगशाळेनं आत्ताच कळवलंय. वीज वाहते, पण अणू जागचे हललेले नाहीत.”

मैथिली मॅडमनी संगणकाचा पडदा वळवला. धाराशिवच्या त्या महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर म्हणून एकतीस वर्षे काढलेल्या धुळाप्पाला इंग्रजी मजकूर वाचता येत नव्हता. पण पडद्यावरची सपाट रेष त्याला पुरेशी समजली.

दिवाळीत भाजलेल्या पहिल्या गोळीने मात्र नवल केले होते. थरावर थर रचलेले ते ऑक्साइड धातूप्रमाणे वीज वाहून नेत होते, आणि तरीही त्यातील अणू एका बाजूला सरकलेले होते. धातूत सहसा असे घडत नाही. मोकळे इलेक्ट्रॉन अणूंना तसे सरकू देत नाहीत, आणि ते सरकलेच तर तो कल झाकून टाकतात. मग लेसरचा झोत टाकून, परतणारा निळा प्रकाश पाहूनच तो ओळखावा लागतो. मॅडमनी हे प्रथम समजावले, तेव्हा धुळाप्पा म्हणाला होता, “म्हंजे कळपातलं लंगडं मेंढरू. गर्दीत कुणाला दिसतंय?” धनगराच्या त्या उत्तरावर मॅडम मनापासून हसल्या होत्या.

आज त्या हसत नव्हत्या.

“पूड तीच, खल तोच, घोटणारे तुम्हीच. बाराशे अंशांवर अठ्ठेचाळीस तास. तुमची वही काही चुकायची नाही. म्हणजे ते पहिलं मोजमापच चुकलेलं असणार. शोधनिबंध मागं घेते. पाच वर्षं गेली, जाऊ देत.”

त्या पत्र लिहू लागल्या. धुळाप्पा कपाटाजवळ उभा राहिला. भट्टीच्या त्या वहीत शेवटचा रकाना ‘विलंबाचे कारण’ असा होता. दिवाळीच्या नोंदीपुढे तो कोरा होता, कारण खरी वेळ लिहिली असती, तर त्या रकान्यात बायकोचे, म्हाळसाबाईचे नाव लिहावे लागले असते. तेवढे त्याच्या हातून झाले नव्हते.

“मॅडम, थांबा. वही खोटी हाय.”

मॅडमचे हात थांबले.

“भट्टीचा टायमर बिघडल्याला. रविवारी चारला म्याच बंद करायची हुती. शनिवारी पहाटं गावाकडनं, ईटहून पुतण्याचा फोन आला. गेलो. सांजच्याला आमची मंडळी गेली.”

“काकू?”

“व्हय. मग भट्टीचं ध्यानातच न्हाय राह्यलं. दहावा करूनच आलो. तवर ती चालूच. बंद केली, अन् रविवारची येळ लिवून टाकली.”

“मामा, अहो, कुणाला बोललाही नाहीत?”

“कॉलेज उघडलं तर बब्रुवान क्लार्क म्हणला, ‘काय मामा, डोस्कं चकाचक! तिरुपती करून आलाव का? लाडू कुठंय?’ समदे हसले. म्या म्हणलं, व्हय, करून आलो.”

“निदान रजेचा अर्ज तरी...”

“सुट्टीच हुती की, मॅडम. अर्ज कुणाला द्यायचा?”

बाहेर तास संपल्याची घंटा झाली आणि जिन्यावर मुलांचा गलका उठून विरला. मॅडमनी अर्धे पत्र पुसून टाकले. त्यांच्या मनात काय चालले आहे हे धुळाप्पाला दिसत होते: दोन जातींचे अणू एकाआड एक थरांत नीट बसायला लागणारा वेळ, जो फक्त त्या लांबलेल्या भाजणीत मिळाला होता. त्या विचारापायी त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, हेही दिसत होते.

“विचारा की,” तोच म्हणाला.

“नक्की किती तास, मामा? आणि मधे लाइट?”

“लाइट गेलीच न्हाय. भित्तीवरचं लाइटीचं घड्याळ मागं पडलं नव्हतं.”

“धाराशिवात अकरा दिवस लाइट गेली नाही? हे कोण छापील?” मॅडमना नकळत हसू फुटले आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी वही जवळ ओढली. “सांगा.”

“ठिवली शुक्रवारी चारला. धा दिसांनी सोमवारी दहावा झाला. मंगळवारी पयल्या यष्टीनं निघालो. आठला कुलूप काढलं.”

मॅडमनी बोटांवर हिशेब केला आणि जुनी नोंद एका रेघेने छेदून वर लिहिले: दोनशे छप्पन्न.

धुळाप्पाने वाकून आकडा पाहिला. एकतीस वर्षे त्याने असेच वाकून आकडे तपासले होते.

“त्यात चार मिळवा.”

“चार कशाचे?”

“आल्याबरुबर बंद न्हाय केली. बारा वाजंस्तवर म्होरं बसलो हुतो.” त्याने भट्टीकडे पाहिले. “खोलीवर जाऊन तरी काय करायचं? हितं ऊब हुती.”

मॅडमनी छप्पन्नावर रेघ मारली. साठ लिहायला त्यांना बराच वेळ लागला.