नॉनस्टिक तव्याचं जळणं

मी नॉनस्टिक तवा बोलतोय. ऋतुजाने नवी पेठेतून मला घरी आणलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, गोजाबाईंनी, माझ्यावरून बोट फिरवलं.

“लई गुळगुळीत हाय की. भाकरीला चालंल व्हय?”

“नाही आत्या, डोशापुरता आहे.”

तिथेच माझ्या मनात सल बसला. घरात करकंबच्या बाजारातला एक लोखंडी तवा होता, काळाकुट्ट. रोजची ज्वारीची भाकरी त्याच्याकडे. मला रविवारचे चार डोसे. माझ्या लेपात कार्बन आणि फ्लोरिन यांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरलेत, की तिसऱ्याला जागाच नाही. म्हणून मला काही चिकटत नाही. भाकरी मात्र त्या काळ्याला बिलगायची आणि मी खुंटीवरून बघत राहायचो.

एकदा ऋतुजा माहेरी, मोडनिंबला गेली. त्याच दिवशी शेजारच्या सावित्रम्मांनी पाहुण्यांसाठी लोखंडी तवा मागून नेला. गोजाबाईंनी मला गॅसवर ठेवलं. अखेर भाकरी माझी होती.

तवा सणसणून तापल्याशिवाय भाकरी टाकायची नाही, ही त्यांची रीत. मोठ्या आचेवर मला रिकामाच ठेवून त्या पीठ मळत बसल्या. मी मिरवत तापलो. तापता तापता ते घट्ट धरलेले हात सुटू लागले. धूर फारसा दिसलाही नाही. खिडकीतल्या पिंजऱ्यात ऋतुजाचे दोन लव्हबर्ड, एक पिवळा आणि एक हिरवा, किलबिलत होते.

“का रं, गप झालासा?” गोजाबाईंनी वळून पाहिलं. पिवळा खाली पडला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि पिंजरा अंगणात नेला. हिरवा वाचला.

ऋतुजा परतली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तवा म्हंजे तवा. मला कुनी सांगितलंच न्हाय.”

“मीच सांगायला हवं होतं, आत्या. हा जास्त तापला की त्याची वाफ पाखरांना सोसत नाही.”

त्या दिवसापासून मी परसात पडून आहे. पुढे लोखंडी तवाही तडकून माझ्याशेजारी आला. एका पावसाळ्यात त्याला तांबूस गंज चढला. हळूहळू तो मातीत मिसळेल. माझा लेप तसाच राहील. मला घडवताना वापरलेली माझ्याच गोत्रातली रसायनंही कुठल्या तरी पाण्यात अशीच टिकून असतील. त्याची भाकरी मला मिळाली नाही, आता त्याची मातीही मिळणार नाही.

एकच मागणं आहे. कचरा पेटवाल, तेव्हा मला आधी बाजूला काढा. माझं जळणं कसं असतं, ते पिंजऱ्यातल्या अर्ध्या रिकाम्या दांडीवर जोडीदार शोधणाऱ्या हिरव्याला विचारा.